डोंगराच्या बाजूचं दार

"...आणि मग तो ड्रायव्हर काय म्हणतो, माहितेय?" विनयने हातातली प्लेट ओट्यावर ठेवली, कारण इथून पुढच्या गोष्टीला त्याला दोन्ही हात लागत. "म्हणतो, बहनजी, हिलना मत. आपके वजन पे गाडी टिकी है."

किचनमधले सगळे हसले. उल्का तर छोल्यांचा डाव हातात तसाच धरून हसत राहिली. ती आणि सुशांत येत्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन किन्नौरला निघाले होते, म्हणून आजची फर्माइश त्यांची होती. बाकीच्यांनी ही गोष्ट गेल्या वर्षभरात इथे टेक्सासात, फ्रिस्कोतल्या कुठल्या ना कुठल्या पॉटलक जेवणाला ऐकलेलीच होती.

"हिला मी कधीपासून जिम जॉइन कर म्हणत होतो," विनय म्हणाला. "केली असती तर आज मी विधुर असतो यार."

विनीताही हसली. कुठे हसायचं ते आता तिला पाठ झालं होतं.

"पण तुला भीती नाही वाटली गं?" उल्काने विचारलं.

"वाटली की थोडी," असं म्हणून विनीता भात मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला वळली. आत फिरणाऱ्या भांड्याकडे ती गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिली.

मागच्या वर्षी किन्नौरच्या वाटेवर झालं होतं ते असं. रामपूरच्या पुढे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही अशा रस्त्यावर समोरून लष्कराचा ट्रक आला. ट्रक मागे जाणार नव्हता, तेव्हा जीपने मागे जायचं ठरलं. ड्रायव्हर म्हणाला, उतरा सगळे. विनय आणि अकरा वर्षांची राधिका दरीच्या बाजूने, गाडीला धरून धरून उतरले आणि पुढे जाऊन कातळाला पाठ लावून उभे राहिले. विनीता डोंगराच्या बाजूला बसली होती. तिचं दार चार बोटं उघडलं आणि खडकाला जाऊन भिडलं. ती सरकून पलीकडे जाणार, तेवढ्यात ट्रकच्या हॉर्नने वैतागलेल्या ड्रायव्हरने गाडी मागे घेतलीच. पुढच्या क्षणी मागचं चाक रस्त्यावर नव्हतं. जीप तिरकी झाली, काहीतरी करकरलं, आणि मग ड्रायव्हरचं ते वाक्य. ते त्याने विनोदाने म्हटलं नव्हतं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. चाक वर आल्यावर मात्र तो खूप हसला, आणि विनयने गोष्ट तिथून उचलली.

टेक्सासात डोंगर नाही. इतक्या सपाट प्रदेशात उंचीची भीती बाळगायला जागा ती कुठे, असं कोणालाही वाटेल. पण इथल्या लोकांना निसर्गाने दिलं नाही ते काँक्रीटमध्ये ओतून घ्यायची हौस आहे. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात विनीता फ्लायओव्हरवर चढली आणि वळणावर, कठड्यापलीकडे नुसतं आभाळ दिसल्याबरोबर, गाडी उजवीकडे तिरकी झाली. गाडी सरळच होती. तिरकं झालं होतं ते तिच्या आत. खाली उतरल्यावर तिला बोटं स्टिअरिंगवरून एकेक करून सोडवावी लागली.

तेव्हापासून ती सर्व्हिस रोडने जायची. ती शेजारच्या प्लेनो शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे फ्रंट डेस्कला होती. तिथे पोचायला आता दुप्पट वेळ लागायचा. घरी सांगायला कारणं भरपूर होती: गाडीत गॅस भरला, कोथिंबीर घेतली, अपघात होता म्हणून ट्रॅफिक तुंबला. गेल्या वर्षात तिने डॅलसभर जितके अपघात घडवले, तितके खरोखर झाले असते तर शहर रिकामं पडलं असतं. खरं सांगणं अवघड नव्हतं. पण भीती सांगितली की तिचं कारण सांगावं लागलं असतं. त्या तिरक्या जीपमधून काय दिसलं, तेही. ते सांगितल्यावर विनयने ती गोष्ट पुन्हा कधी कोणाला सांगितली नसती, आणि त्या दोघांना एकमेकांकडे बघायला काय उरलं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

मग विनयला पन्नास लागलं, आणि इथल्या रीतीप्रमाणे डॉक्टरने त्याला कोलोनोस्कोपीला, म्हणजे आतड्याच्या तपासणीला पाठवलं. सकाळी विनीताला शेजारी बसवून तोच गाडी चालवत गेला, जोक मारत. दुपारी व्हीलचेअरवरून बाहेर आला तेव्हा गुंगीच्या औषधाने हसरा, गुलाबी आणि ढिला होता. नर्सने विनीताला बाजूला घेऊन बजावलं की आज यांना गाडी चालवू देऊ नका, कुठे सही करू देऊ नका. बोलतील अगदी शहाण्यासारखं, पण उद्या यांना यातलं काहीही आठवणार नाही.

विनीताने रस्ता आधीच बघून ठेवला होता. पण सर्व्हिस रोडवर पुढे रस्त्याच्या कामाची नारिंगी पिंपं मांडलेली होती. एक लेन राहिली, ती वळली, आणि तिच्यासमोर एकावर एक रस्ते चढवलेला पाच मजली पूल आला. मागे ट्रक होता. थांबायला जागा नव्हती.

गाडी चढायला लागली. तिने डोळे पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटवर रोवले. पण ती गाडी निघून गेली आणि प्लेट आभाळात विरघळली. वळण आलं. उजवीकडचं सगळं गेलं. तिचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. मागून हॉर्न सुरू झाला, लांबलचक, अगदी तसाच.

"किती स्लो जातेस," विनय डोळे मिटूनच म्हणाला.

"बोलू नकोस."

"ठोकेल कोणीतरी."

"विनय, प्लीज, बोलू नकोस."

तिने खांदा डावीकडे टेकवला, सगळं वजन त्या दाराला दिलं, आणि तशीच रांगत, मागून शिव्या आणि हॉर्न झेलत खाली उतरली. पहिला एक्झिट घेतला. गाद्यांच्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. ब्लाउज पाठीला चिकटला होता. आजूबाजूला सगळं सपाट होतं, तरी पायाखालची गाडी अजून वळत होती.

विनयने डोळे उघडले. "काय झालं? पंक्चर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. उद्या यातलं काहीही आठवणार नाही असा तो माणूस होता. असा विनय पुन्हा मिळायला दहा वर्षं लागली असती. पुढची तपासणी तेव्हाच होती.

"किन्नौरला माझं दार उघडलं नव्हतं," ती म्हणाली. "मी तुला हाका मारत होते."

"ऐकू आल्या," विनय म्हणाला.

हे तिला अपेक्षित नव्हतं.

"तू राधिकाचं तोंड पोटाशी दाबून धरलंस. मग स्वतः कातळाच्या भिंतीकडे वळलास. मला काचेतून तुझी पाठ दिसत होती."

ती पाठ तिला वर्षभर दिसत होती. निळा शर्ट, त्याला लागलेली धूळ. दरीचं काही वाटलं नव्हतं तिला. दरीने तिच्याकडे पाठ केली नव्हती.

"मला वाटलं, तू गेलीस," विनय म्हणाला.

"गेले नव्हते. बसले होते."

"बघवलं नसतं गं मला. खरंच बघवलं नसतं." औषधाने जड झालेल्या जिभेवर ते शब्द नीट मावत नव्हते. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं असतं हे त्याच्या लक्षात येत नव्हतं.

"मग सगळ्यांना हसत का सांगतोस?"

"हसतात ना ते. मग वाटतं, एवढं काही झालं नव्हतं."

तिने डॅशबोर्डमधला टिश्यू काढून त्याचा चेहरा पुसला. तिला रागावायचं होतं, तशी तयारी वर्षभर झाली होती. पण हात चेहरा पुसतच राहिला. थोड्या वेळाने तो झोपला. मग तिने गाडी काढली आणि गल्लीबोळांतून, प्रत्येक लाल सिग्नलला मनाजोगं थांबत, त्याला घरी आणलं.

संध्याकाळी तो मऊ भात खायला टेबलाशी आला तेव्हा पुन्हा नेहमीचा विनय होता. राधिका वरून ओरडली, "Dad, are you okay?" आणि उत्तर न ऐकताच तिने खोलीचं दार लावून घेतलं.

"गाडीत मी काही बडबडलो का?" त्याने तूप वाढून घेत विचारलं. "सुशांत सांगत होता, त्याच्या तपासणीच्या वेळी तो म्हणे नर्सला गाणी म्हणून दाखवत होता."

विनीताने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"घोरत होतास," ती म्हणाली.

"वाचलो." त्याने मनगट पुढे केलं. हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा अजून तिथेच होता. "हे काप गं जरा. घट्ट आहे."

ती कात्री घेऊन आली. त्याचा हात तिने उलटा धरला, पट्ट्याखाली एक बोट घातलं, कात्रीचं पातं त्या बोटावरून सरकवलं. विनयने मान भिंतीकडे फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

"सांग हं झालं की," तो म्हणाला.

"सांगते," विनीता म्हणाली, आणि तिने त्याचा हात आणखी घट्ट धरला.