चौथा कॅमेरा

माझा धाकटा भाऊ घरात माझ्या नवऱ्याला "अहो भाऊजी" म्हणतो आणि मैदानावर "अरे आंधळ्या" म्हणतो. बावीस वर्षं हेच चाललं आहे. शनिवारी दुपारी दोन ते चार आमचे हे रग्बीचे रेफरी असतात, त्या दोन तासांत ते कोणाचे कोणी नसतात. साडेचारला ते पुन्हा भाऊजी होतात आणि भाऊ त्यांच्यासमोर बसून माझ्या हातचा चहा पितो. रग्बीतल्या माणसांना यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं, पण माझं ऐकतो कोण!

भाऊ धंद्याने रंगारी. आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरून त्याने ब्रश मागितला तर पलीकडच्या गल्लीतला माणूस ब्रश घेऊन हजर होईल. टीमचे पाठीराखे त्याला कर्णा म्हणतात आणि तोच त्यांचा म्होरक्या. यांचं उलट. हे सरकारी नोकरीत दुकानदारांची वजनमापं तपासतात. एखाद्याच्या तराजूत पाच ग्रॅमचा फरक निघाला तर घरी येऊन जेवताना त्या पाच ग्रॅमबद्दलच बोलतात. आणि मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते. रेफरीची बायको चष्मे विकते, यावर होऊ शकतील तेवढे सगळे विनोद मी ऐकलेले आहेत. नवीन असेल तर सांगा, फ्रेमवर सूट देते.

तर सेमीफायनल. भावाची टीम चार गुणांनी मागे, शेवटचं मिनिट, आणि ट्रायला मिळतात पाच. ट्राय म्हणजे चेंडू रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, एवढंच. भावाच्या टीमचा आडदांड गडी चेंडू पोटाशी धरून कोपऱ्यात घुसला आणि त्याच्या अंगावर आठ-दहा जण पडले. झाला ढिगारा. चेंडू कुठेतरी तळाशी. हे गुडघ्यावर बसले, जमिनीला गाल लावून डोकावले, उठले आणि दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला. म्हणजे टीव्हीवाल्या पंचांना विचारतो.

मी घरी टीव्हीसमोर. कोपऱ्यामागच्या बाकांवर भावाच्या माणसांनी दोन काठ्यांवर पांढरा फलक उभारला होता, "रेफरी, चष्मा लाव!" एका कॅमेऱ्यात नुसते पाय, दुसऱ्यात एका खेळाडूची भलीमोठी पाठ, तिसऱ्यात समोरून ऊन. चौथा होता हे मला नंतर कळलं, तो काही दाखवलाच नाही. वरून यांच्या कानात निरोप आला असणार. यांनी क्षणभर मान खाली घातली आणि मग हात आडवा हलवला. ट्राय नाही. सामना संपला.

त्या शनिवारी साडेचारला भाऊ चहाला आला नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा चहाचा एक कप माझ्या कपाटातच राहिला.

तो बेकरीत होता. त्याचा जिवलग दोस्त बेकरीवाला, त्याच्या दुकानात टीव्ही आहे. तिथे ते शेवटचं मिनिट इतक्या वेळा लावलं, की गिऱ्हाईकंसुद्धा पाव घेता घेता "आता पाठ येईल" म्हणायला लागली. सोमवारी दोघं वाद घालत घालतच माझ्या दुकानात शिरले.

"रेफरीला दिसलं नाही, तर तो काय करणार?" बेकरीवाला म्हणत होता.

"दिसलं नाही म्हणजेच चुकलं! दिसायचंच तर काम आहे त्याचं!"

"अरे, टीव्हीवाल्यांनाच दिसलं नाही."

"त्यांना कसं दिसेल? आइस्क्रीम खाणारा टकल्या त्यांनी दोनदा दाखवला, तोसुद्धा स्लो मोशनमध्ये! थेंब शर्टावर पडेपर्यंत! आणि चेंडू जमिनीला टेकतो तेव्हा काय, तर पाय!" मग तो माझ्याकडे वळला. "ताई, मैदानात कॅमेरे किती असतात?"

"मला काय माहीत?"

"चार. मी मोजलेत. दाखवले किती? तीन. चौथा नेमका आमच्या कोपऱ्यावर लावलेला असतो, आमच्या बाकांच्या मागे, मचाणावर. त्यात सगळं स्वच्छ दिसत असणार. म्हणूनच लपवला."

"तू होतास ना तिथे? तुला काय दिसलं?"

"मी?" तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं. शंभर टक्के ट्राय."

बेकरीवाल्याने एकदम खोकून घेतलं आणि फ्रेमा बघायला लागला. त्याला चष्मा लागत नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आठवड्याभरात "चौथा कॅमेरा कुठे गेला?" ही गावभर आरोळी झाली. भिंतींवर लिहिलं गेलं, आणि अक्षर इतकं रेखीव होतं की कोणा रंगाऱ्याचं ते मला विचारायची गरज नव्हती. एका गिऱ्हाइकाला मी तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचायला सांगितली, तर त्याने डोळे बारीक करून "चौथा कॅमेरा कुठे गेला" असं वाचलं आणि स्वतःच खो-खो हसत सुटला. त्याला मी जास्त नंबरची भिंगं लावून पाच मिनिटं तसाच बसवला.

हसण्यावारी न्यायचं तेवढं नेलं. पण भावाने तक्रार तयार केली. समितीने चारही कॅमेऱ्यांचं चित्रण उघड करावं आणि तोवर या रेफरीला फायनल देऊ नये. खाली तीनशे बारा सह्या. तो कागद घेऊन तो माझ्याकडेसुद्धा आला.

"ताई, सही कर."

"लाज वाटते का? घरात मीठ खातोस त्यांचं!"

"घरात ते भाऊजी आहेत. हे तत्त्वाचं आहे."

"तत्त्व गेलं चुलीत. माझी चादर कुठे आहे? भिंती रंगवताना कपाटं झाकायला म्हणून नेलीस, त्याला दोन महिने झाले."

"देतो गं," म्हणत तो जो सटकला, तो सटकलाच.

ती आमच्या पलंगावरची चादर. आकाशी, पिवळ्या फुलांची. गेल्या वर्षी यांनी आपला रेफरीचा शर्ट पलंगावरच इस्त्री केला आणि चादरीला इस्त्रीच्या आकाराचं भोक पाडलं. मी तिथे उशीच्या गुलाबी अभ्र्याचं ठिगळ लावलं. दिसायला ध्यान, पण माझ्या आवडीची.

फायनलचं सांगायचं तर, बावीस वर्षांत यांना ती एकदाही मिळाली नव्हती. येत्या महिन्यात हे पन्नास पूर्ण करतात, आणि पन्नाशीनंतर शिट्टी खाली ठेवायची असा नियम आहे. यंदा पहिल्यांदा यांचं नाव यादीत वर होतं. तक्रार आली आणि समितीने ते नाव अडकवून ठेवलं. हे रोज संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरून बुटांना पॉलिश करत बसायचे. न मिळालेल्या सामन्याचे बूट! मला त्या बुटांकडे बघवेना. भावाचा असा राग आला, की समोर असता तर कानाखाली आवाज काढला असता.

फायनलच्या आठ दिवस आधी समितीने सगळ्यांना बोलावलं. क्लबच्या कचेरीतली लांब खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पडदा. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश बाई, बोलणं थोडं आणि नजर करडी. एका बाजूला भाऊ, बेकरीवाला आणि पंचवीस-तीस पाठीराखे. दुसऱ्या बाजूला हे, इस्त्रीच्या शर्टात, आणि शेजारी मी, दुकान लवकर बंद करून.

चॅनेलचा इंजिनिअर म्हणाला, "चौथा कॅमेरा आम्ही लपवला नाही. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं."

"ते आम्ही ठरवू!" भाऊ गरजला. खिडकीची काच थरथरली.

इंजिनिअरने चित्रण लावलं. खरंच, सगळं स्वच्छ दिसत होतं. कोपरा, पांढरी रेषा, चेंडू पोटाशी धरून धावत येणारा तो गडी. भावाची माणसं खुर्च्यांच्या कडेवर सरकली. गडी रेषेपाशी आला, झेपावला, आणि पडदा आकाशी झाला. कडेपासून कडेपर्यंत आकाशी, त्यावर पिवळी फुलं.

"बघा! बघा!" भाऊ उभा राहिला. "कॅमेऱ्यापुढे चादर धरली! कट आहे हा! कोण आहे तो हरामखोर, त्याला शोधून काढा आणि..."

तेवढ्यात पडद्यावर वारा सुटला असावा. चादर फुगली, खालचा कोपरा वर आला, आणि त्यावर गुलाबी ठिगळ. इस्त्रीच्या आकाराचं.

भावाचं तोंड उघडंच राहिलं. बेकरीवाला छताकडे बघायला लागला, जणू तिथे पाव भाजायला ठेवलेत. मला सगळं एका क्षणात कळलं. सेमीफायनलला आमच्या टीव्हीवर तो फलक मी समोरून पाहिला होता. पांढऱ्या रंगावर काळी अक्षरं, "रेफरी, चष्मा लाव!" समोरून पांढरा फासलेला, म्हणून मला ओळखू आला नाही. मागून मात्र ती माझी चादर होती.

माझ्या ओठांवर शब्द आला होता. यांनी खाली माझ्या पायावर पाय ठेवला.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "कोणी धरली ही चादर? हे आज कळलं तर प्रकरण आजच मिटेल. नाही कळलं तर चौकशी करावी लागेल, आणि तोपर्यंत फायनल दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल." त्या यांच्याकडे वळल्या. "तुम्ही मैदानात समोर होता. ओळखता का?"

हे उठले. पडद्याकडे बघितलं. त्या ठिगळावर यांनी वर्षभर झोप काढली आहे.

"नाही," हे म्हणाले. "मी नाही ओळखत."

पाच ग्रॅमसाठी दुकानदाराशी तासभर हुज्जत घालणारा माणूस! संसारात यांच्या तोंडून मी खोटं ऐकलं नव्हतं, आणि पहिलं ऐकलं ते माझ्या नालायक भावासाठी, स्वतःची फायनल घालवून. माझे डोळे भरून आले. खरं सांगते, त्यांचाही राग आला.

आणि मग ती आरोळी आली, बावीस वर्षं मैदानावर ऐकत आलेली.

"चूक! साफ चूक! हा निर्णय चुकीचा आहे!" भाऊ खुर्चीवर चढून उभा होता. "खोटं बोलतायत ते! ती चादर त्यांच्याच पलंगावरची आहे! ते ठिगळ माझ्या ताईने लावलंय! आणि काठ्या मी धरल्या होत्या, मी आणि या बेकरीवाल्याने!"

"मला कशाला मधे घेतोस?" बेकरीवाला पुटपुटला.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे तो ट्राय तुम्ही चादरीच्या मागून पाहिलात?"

भाऊ खुर्चीवरून उतरला. कर्ण्यातून एवढा बारीक आवाज निघू शकतो हे कोणालाच माहीत नव्हतं. "नाही बाई," तो म्हणाला. "मला फुलं दिसली."

त्याचीच माणसं आधी हसली, मग सगळी खोली हसली, आणि हसू कितीतरी वेळ थांबेना. भाऊ मान खाली घालून उभा राहिला. तीनशे बारा सह्यांचा कागद त्याने चार घड्या करून खिशात टाकला. अध्यक्षबाईंनी त्याला शिक्षा दिली. फायनलला त्याने चौथ्या कॅमेऱ्याच्या पुढे बसायचं आणि सामना संपेपर्यंत एकालाही उभं राहू द्यायचं नाही.

फायनल मी टीव्हीवर पाहिली. आमचे हे हिरवळीवर, चकाकत्या बुटांत. जेव्हा जेव्हा चौथा कॅमेरा लावायचे, तेव्हा चित्राच्या तळाशी माझ्या भावाच्या डोक्याचा मागचा भाग दिसायचा आणि आवाज यायचा, "खाली बसा! अहो काका, खाली बसा! मागे कॅमेरा आहे, कळत नाही का?" समालोचकाने दोनदा विचारलं, हा माणूस कोण.

साडेचारला भावाचा कप मी पुन्हा बाहेर काढला. बेकरीवाला केक घेऊन आला होता. भाऊ काखेत चादर घेऊन आला, तीन वेळा धुतलेली. ऑइल पेंट कुठला जातो! चहा अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, एक विचारू? तो ट्राय होता का?"

हे कपात बघत म्हणाले, "मला वाटलं, होता."

"मग दिला का नाही?"

"मेहुण्याची टीम. नुसत्या वाटण्यावर दिला असता, तर लोक काय म्हणाले असते? म्हणून वर विचारलं. चौथ्या कॅमेऱ्यात दिसेल अशी खात्री होती मला."

भाऊ गप्प झाला. असा गप्प झालेला मी त्याला लहानपणी गोवर आला तेव्हा पाहिला होता, त्यानंतर आजच. बशीत सांडलेला चहा तो बोटाने इकडून तिकडे नेत राहिला. शेवटी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, नाक ओढून म्हणाला, "तरी त्या दिवशी पहिल्या हाफमध्ये आमच्याविरुद्ध पेनल्टी दिलीत, ती चुकलीच."

बावीस वर्षांत अशा बोलण्यावर हे नुसते हसायचे. आज कप खाली ठेवला.

"हो," हे म्हणाले. "ती चुकली माझी."

भावाने चमकून यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा पार उतरला.

"नाही, तशी अगदीच काही चुकली नव्हती," तो म्हणाला. "आमचा गडी जरा पुढे होताच, भाऊजी."

चादर पुन्हा पलंगावर आहे. अक्षरं खालच्या बाजूला.