एकेचाळीस रुग्णांचं केंद्र

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून केंद्रात सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणायचे. पाच वर्षांपूर्वी काम करताना दोन मजले खाली पडला आणि कंबर मोडून बसला. दुखण्यावरच्या गोळ्यांची सवय लागली. गोळ्या मिळेनाशा झाल्यावर नशेची पावडर सुरू झाली. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. थोरल्या बहिणीनं मात्र त्याला हाताला धरून आमच्याकडे आणलं.

मी तिथली नर्स. दोन खोल्यांचं केंद्र, सकाळी साडेसहाला खिडकी उघडायची. रुग्णानं माझ्यासमोर औषध प्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि कामाला लागायचं. त्या औषधानं तलफ दबून राहते. मात्रा हळूहळू कमी करत न्यायची. चौदा महिन्यांत त्यानं एक दिवस चुकवला नाही.

"सिस्टर, आज कितवा मजला?" तो विचारायचा.

"सातवा."

"म्हणजे उतरतोय. मधेच अडकवू नका हं, दुरुस्तीला मलाच बोलावतील!"

वार्षिक अहवाल मीच लिहिला. रुग्ण साठावरून एकेचाळीसवर आले, बाकीचे बरे होऊन गेले, असं अगदी अभिमानानं लिहिलं. दोन महिन्यांनी खात्याचे साहेब आले. सरकारचं नवं धोरण होतं: छोट्या केंद्रांचं अनुदान बंद, सगळे उपचार एका मोठ्या रुग्णालयात.

"तुमची संख्या घटलीय," साहेब म्हणाले. "म्हणजे गरज घटलीय."

"साहेब, ते इथं येत होते म्हणून घटलीय."

"अहो, अहवाल तुमचाच आहे ना?"

महिन्याभरात केंद्राला कुलूप लागलं आणि मी दुसऱ्या दवाखान्यात नोकरीला लागले.

रुग्णालय दोन बस बदलून, आणि तिथली खिडकी दहाला उघडायची. लिफ्टवाल्याला आठला कामावर हजर व्हावं लागे. मुकादमानं दोन आठवडे चालवून घेतलं, मग सांगितलं, "उद्यापासून वेळेवर ये, नाहीतर येऊच नकोस."

बुधवारी खिडकी चुकली, गुरुवारीही, शुक्रवारीही. त्या संध्याकाळी ताईंचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"सिस्टर, तीन दिवस झाले, औषध नाही. अंग मोडून आलंय त्याचं, घाम थांबत नाही. तुमच्याकडे थोडंसं उरलंय का हो?"

"एक थेंब नाही, ताई. कपाटासकट घेऊन गेले. उद्या मला सुटी मिळणार नाही, परवा रविवार. सोमवारी मी रजा टाकते, स्वतः त्याला घेऊन जाते. तेवढं सांभाळा."

त्यानं फोन घेतला. आवाज कापत होता. "सिस्टर, उगाच रजा वाया घालवू नका. होईल काहीतरी."

शनिवारी दुपारी तो एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत सापडला. पावडर त्यानं जुन्या हिशेबानं घेतली होती. शरीराची ती सवय केव्हाच सुटली होती.

सोमवारची रजा मी घेतलीच. ताईंसोबत रुग्णालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं कॉम्प्युटरवर पाहिलं.

"सलग तीन दिवस गैरहजर. नाव कमी झालंय."

"तो वारला," ताई म्हणाल्या.

"त्याची नोंद आमच्याकडे होणार नाही. नाव कमी झाल्यावर वारलेत ना."

ताई ओरडल्या नाहीत. खिडकीचा काठ घट्ट धरून म्हणाल्या, "मग माझा भाऊ गेला, हे कुठल्या कागदावर येणार?"

कारकून बिचारा साधा माणूस. त्याची मान खाली गेली. "मावशी, मला तसा रकानाच दिलेला नाही."

बाहेर लांबलचक रांग होती. त्यात माझे जुने चार-पाच जण होते. इस्त्रीवाल्यानं विचारलं, "सिस्टर, लिफ्टवाला कुठाय?" ताईंनीच सांगितलं. मग डोळे पुसून त्यांनी त्यालाच विचारलं, "तुम्हाला कामावर कितीला पोचायचं असतं?"

"आठला."

त्या पुढच्याकडे वळल्या. मी पर्समधलं पेन काढलं. रांग संपेपर्यंत त्या विचारत गेल्या, मी लिहीत गेले.

ते कागद जोडून आम्ही खात्याला अर्ज दिला: निदान खिडकी तरी सकाळी लवकर उघडा. अर्ज मिळाल्याचा शिक्का मारून दिला. त्याला आता सात महिने होतील. ताई अजून दर सोमवारी उत्तर आलं का विचारायला जातात. मला रजा मिळाली, तर मीही जाते.