वेगळी पिशवी

पाईप निघेना. कावेरीने खालून नख घातलं, तरी पेन्सिलीएवढा काळा पाईप प्लास्टिकच्या छोट्या अवकाशयानाच्या पोटाला चिकटूनच राहिला.

"अगं सोड ना ते खेळणं," तिचा नवरा झिपरू दारातून ओरडला. "बस जाईन तुझी."

तिने जोर लावला. पाईप सुटला, आणि त्याच्याखाली राखाडी प्लास्टिकवर त्याची वाट दिसली. खोल, चकचकीत, बोटाला चिकट. कुणी काही सांडलं नव्हतं, चटकाही लागला नव्हता. नऊ वर्षं कारखान्यात सुटे भाग खोक्यात भरून झाल्यावर पुरी वस्तू दिसते तरी कशी, म्हणून जानेवारीत तिने एक रिजेक्ट खोकं मागून आणलं होतं आणि स्वतः जोडलं होतं. तेव्हापासून ते त्यांच्या टोकरखाड्याच्या खोलीत कपाटावर होतं.

तिने यान आणि सुटलेला पाईप पिशवीत घातला आणि कारखान्याला जायला गलोंड्याची बस पकडली. वाटेत तीनदा पिशवीत हात घालून तिने ती वाट चाचपली.

ही यानं बाहेरदेशी जात. मोठी माणसं ती घरी जोडतात, असं ऐकून पॅकिंगच्या बायका हसत. कडक भाग साच्यातून येत. मऊ व्हिनाइलचे पाईप मात्र वेटोळ्यातून कापून, गरम पाण्यात धरून वाकवायचे आणि लगेच गार पाण्यात सोडायचे. त्या कामात कावेरीसारखा हात कुणाचा नव्हता. आधी हे पाईप वेगळ्या पिशवीत जात आणि पोचेपर्यंत त्यांचा बाक निघून जाई. परत आलेल्या तक्रारींनी मॅनेजर सामंतसाहेब वैतागले होते. जानेवारीत कावेरीच म्हणाली होती, "साहेब, पाईप यानाच्या पोटातच बसवून देऊ ना. खाचेत बाक टिकीन. पिशवी बी वाचंन."

बाक टिकला. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, या खेपेला परमनंटच्या यादीत कावेरीचं नाव. नऊ वर्षं दर आठ महिन्यांनी तिला ब्रेक मिळत होता. नाव काढायचं, पंधरा दिवस घरी बसायचं, मग नव्या कार्डावर तेच नाव. ती यादी आज लागणार होती. आणि चार वाजता ट्रक होता, अठराशे खोक्यांचा.

"गांडुळं घाल ने!" समोर बसलेली केसरबाई गुजराती हेल काढून म्हणाली. पाईपांना ती गांडुळंच म्हणे. "रिकामी यानं पुढे ढकलतेस. आत्तापासून परमनंटचा रुबाब?"

कावेरीने पिशवीतलं यान टेबलाखाली तिच्या हातात दिलं. केसरबाईने बोट फिरवलं, वास घेतला, परत दिलं.

"तुझ्या पत्र्याच्या घरात तापलं असेल."

"खोकी बी तापतीनच ना. बोटीत महिना महिना राहतात."

"ट्रक जाऊ दे. यादी लागू दे. मग सांग." केसरबाईने आवाज खाली आणला. "नाहीतर सांगूच नको. बाहेरदेशचा माणूस इथं विचारायला येणारे?"

कावेरीने दोन यानांत पाईप बसवले. तिसऱ्याचा हातात राहिला. तो पुन्हा पुन्हा वाकवून ती सरळ सोडत होती. अकराला पाणी प्यायला उठली, परत आली. साडेअकराला पुन्हा उठली, ती थेट लॅबमध्ये गेली.

लॅबच्या रजनी मॅडम रत्नागिरीकडच्या, कमी बोलणाऱ्या. प्रत्येक लॉटचं एक खोकं त्यांच्या कपाटात तारीख घालून ठेवलेलं असे.

"मॅडम, जानेवारीचं खोकं उघडता का?"

"कशाला?"

कावेरीने यान पुढे ठेवलं. मॅडमनी ते खिडकीशी नेलं, बराच वेळ पाहिलं. मग कपाटातलं खोकं काढून सील कापलं. यानाच्या पोटातला पाईप उचलताना चर्र असा बारीक आवाज झाला. खाली तीच वाट.

"व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेल असतं," मॅडम म्हणाल्या. "ते हळूहळू बाहेर येतं. कडक प्लास्टिकला टेकलं की त्यात शिरतं, त्याला विरघळवतं. उष्णतेने आणखी लवकर." त्यांनी खोक्यावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. "हे मला सुचायला हवं होतं. सही माझी आहे."

"पन आयडिया माझी हाय."

केबिनमध्ये सामंतसाहेबांनी दोन्ही यानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकदा घड्याळाकडे पाहिलं.

"तीन लॉट गेलेत, कावेरीबाई. आता सांगताय?"

"आज सकाळी दिसलं, साहेब."

"तुमचंच डोकं ना हे?"

"हो साहेब. म्हणून तर मी आली."

"मंजूर मीही केलं होतं," रजनी मॅडम म्हणाल्या. साहेबांनी तिकडे पाहिलं नाही. फोन उचलून त्यांनी ट्रक थांबवायला सांगितलं.

अठराशे खोकी पुन्हा उघडायची होती. पाईप डावीकडे, यान उजवीकडे. बायका कुरकुरत होत्या. "तुझ्या अकलेचं आम्ही निस्तरायचं," कुणीतरी मागून म्हणालं. कावेरीने मान वर केली नाही.

पाचला यादी लागली. टाइप केलेली सात नावं. चौथ्या नावावर पट्टी धरून शाईची एक सरळ रेघ मारली होती. रेघेखालचं नाव अजून वाचता येत होतं. सहावं नाव केसरबाईचं होतं. ती यादीपाशी जराशी उभी राहिली, परत आली, कावेरीच्या बाजूला स्टूल ओढून बसली आणि पाईप काढू लागली. साडेसहाची बस तिने मुद्दाम सोडली.

घरी झिपरूने सगळं ऐकून घेतलं.

"एक दिवस गप बसली असती तर?"

"बसली होती ना. साडेअकरापर्यंत."

तिने पिशवीतून यान काढून दिलं. झिपरूने ते कपाटावर ठेवलं, खराब बाजू भिंतीकडे करून.

हातपाय धुऊन आल्यावर कावेरीने ते फिरवलं. पाईप तिने पॅकिंगच्या एका छोट्या पिशवीत घातला, तोंड दुमडलं, आणि यानापासून चार बोटं लांब ठेवला.