पक्कं वेल्डिंग

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, मोहनरावांना, बोटीचं वेड गोव्यात लागलं. तिथं एक कुटुंब बोटीतल्या खोलीत बसून जेवताना त्यांनी पाहिलं आणि परतीच्या वाटेवर तेवढाच एक विषय. आमचं शेत माजलगावच्या धरणाच्या पाण्याला लागून, त्यामुळं बोट ठेवायला जागा होती. अक्कल कुठं ठेवली होती ते मला अजून कळलेलं नाही.

जुन्या बोटीचा फायबरचा तळ त्यांनी ट्रकवर घालून आणला आणि वरची खोली बांधायला मांजरसुंब्याच्या मुस्तकीमला बोलावलं. मुस्तकीम ट्रकच्या बॉड्या बांधणारा. पाण्यात चालणारं काही त्यानं जन्मात बांधलं नव्हतं. ट्रकला बांधावी तशी जड लोखंडी खोली त्यानं त्या तळावर चढवली. मागच्या मोकळ्या जागेत पावसाचं पाणी साचू नये म्हणून, ट्रकला पाडतात तशी खाली भोकं पाडली. ज्या वाटेनं पाणी बाहेर जातं त्याच वाटेनं ते आत येतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. फटींवर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून रंग मारला. दाराची कडी पहिल्याच आठवड्यात हलायला लागली.

या कशाकडंही अण्णांनी लक्ष दिलं नाही. ते फक्त खिडक्यांना गज लावताना हजर होते. बोट काठावर उभी राहणार, आत टीव्ही, बॅटऱ्या, म्हणून गज हवेत. मुस्तकीम पिशवीतून बोल्ट काढायला लागला तर खेकसले, "बोल्ट कावून बे? चोर पान्यानं खोलत्यात. वेल्डिंग कर. आन् मधून लहान लेकराचं डोस्कं जाता कामा न्हाई. चोर लेकरं आत सोडत्यात."

"न्हाई जाणार, अण्णा. मांजरबी न्हाई जाणार."

शेवटचा टाका पडेपर्यंत अण्णा जागचे हलले नाहीत.

बोट पाण्यात सोडली त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांनी ती भरून गेली. मुस्तकीमही होता. माझ्या दोन वर्षांच्या राजनंदिनीला झोप आली, म्हणून आई तिला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि वारा लागू नये म्हणून दार लावून घेतलं. बोट काठापासून बरीच लांब गेल्यावर कुणीतरी फोटोची टूम काढली. सगळे एका बाजूला जमले. बोट कलली ती पुन्हा सरळ झालीच नाही. वरची लोखंडी खोली तिला आणखी खाली दाबत होती, आणि भोकांतून पाणी भसाभस आत यायला लागलं.

लोकांनी उड्या टाकल्या. मासे धरणाऱ्यांच्या होड्या लांबून निघाल्या. मी दाराला झोंबले. ते बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि बाहेर पाणी भरलेलं. मी ओढत होते, आई आतून ढकलत होती. कडी उपसून माझ्या हातात आली. दार तसंच राहिलं.

वरच्या बाजूच्या खिडकीची काच अण्णांनी कोपरानं फोडली. आई छातीभर पाण्यात होती.

"आई, तिला दे! हिकडं दे!"

राजनंदिनीचा हात बाहेर आला, खांदा आला. डोकं येईना. मी ते आडवं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं. ती किंचाळत होती आणि मी, तिची आई, तिचं डोकं लोखंडात रेटत होते.

अण्णा गजाला लोंबकळले. "मुस्तकीम, तुटंना रे ह्ये!"

"न्हाई तुटायचं, अण्णा." मुस्तकीम रडत होता. "तुमी म्हणलात तसंच केलंय."

मुस्तकीमच्या अवजारांची पिशवी आत खुंटीला होती. आईनं चाचपून लोखंड कापायची करवत काढली आणि गजांमधून बाहेर दिली. मुस्तकीमनं एक गज खालून कापला, दोघांनी मिळून तो वाकवला आणि माझी लेक कान सोलून घेऊन बाहेर आली. आईला यायला अजून दोन गज कापायला हवे होते. दुसऱ्याच्या निम्म्यात करवतीचं पातं तुटलं.

पाणी आईच्या हनुवटीला लागलं होतं. तिनं आतून अण्णांचा हात धरला. "अवो, ऱ्हाऊ द्या आता. लेकराला काठाला न्या."

अण्णांनी सोडलं नाही. मुस्तकीमनं एकेक करून त्यांची बोटं गजावरून सोडवली, तेव्हा खिडकी पाण्याखाली गेली होती.

क्रेननं बोट वर काढली तेव्हा पत्रा फाटला, दार निखळून पडलं. खिडकीचे गज मात्र जिथल्या तिथं होते.

महिन्याभरानं अण्णांनी मुस्तकीमला घरी बोलावून आमच्या सगळ्या खिडक्यांचे गज कापायला लावले. शेवटच्या खिडकीपाशी त्यानं हातातली करवत खाली ठेवली.

"अण्णा, माझ्या हातून सगळं कच्चं झालं. एवढंच कावून पक्कं झालं?"

"तेवढ्यालाच मी शेजारी उभा हुतो," अण्णा म्हणाले.