सगळ्यांच्या वतीनं

"हात पुढे कर, चिमणे. तू काही केलेलं नाहीस, म्हणूनच तुला बोलावतोय."

बाबांचा तो आवाज बेचाळीस वर्षं जुना. पण लेकीच्या कानात अजून तसाच, मधात घोळलेला, पट्टी उचलतानाही न कापणारा. प्रार्थनाघराची रंगीत काच कुणीतरी फोडली होती. रविवारच्या वर्गात तेवीस मुलं, कबूल कुणीच करेना. बाबा वर्गाचे मास्तर. त्यांनी स्वतःच्या दहा वर्षांच्या लेकीला पुढे घेतलं आणि तेवीस जणांच्या वाटच्या तेवीस पट्ट्या तिच्या उजव्या हातावर मारल्या. "दोषींसाठी निर्दोषानं सोसायचं, याला प्रायश्चित्त म्हणतात," ते म्हणाले. मुलं हमसून हमसून रडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुन्हा कधी सरळ झालं नाही. बाबांनी मात्र हा धडा पुढे गावोगावी सांगितला, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे दर वेळी भरून आले.

लेक आता बावन्न वर्षांची. शिंप्याकडून येणाऱ्या कपड्यांना घरी बसून काजं करते, सुई उरलेल्या तीन बोटांत धरून. बाबा अंथरुणाला खिळलेत. पडून पडून पाठीला जखमा झाल्यात. रोज सकाळी ती त्या धुते. धुता धुता गुणगुणते:

बाप पेरतो पुण्याई, शेत लेकीच्या हाताचं
पीक आल्यावर गाव म्हणे, भाग्य थोर गं बापाचं

"कुणाचं गं हे गाणं?" बाबा विचारतात.

"कुणाचं नाही. येतं असंच तोंडात."

त्या सकाळी मोरीतला नळ दुरुस्त करायला नळवाला आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. खाटेवर बाबांना बघितलं आणि पाना हातातच राहिला.

"मास्तर, ओळखलंत? तुमच्या वर्गातला बेडूक मी."

"बेडक्या! अजून उड्या मारतोस का रे?"

"आता आधी पोट उडतं, मागून मी." तो हसला. मग हसू गिळून खाटेपाशी उकिडवा बसला. "मास्तर, ती काच... गलोल माझी होती."

बाबांचा चेहरा कित्येक महिन्यांनी असा उजळला. "बघितलंस, चिमणे? बेचाळीस वर्षांनी बी रुजलं! माफ कर त्याला. डोक्यावर हात ठेव."

"किती वर्षांचा होतास रे तेव्हा?" तिनं विचारलं.

"आठ, ताई."

"मग माफच आहेस. जा, वायसर बदल. पाणी वाया जातंय."

तो डोळे पुसत मोरीत गेला. बाबांनी तिचं मनगट धरलं.

"आता माझ्याबद्दलही एकदा सांगून टाक. डॉक्टरांनी हात टेकलेत. मलम काय, वरवरचं. मला आतून बरं व्हायचंय. इतक्या ठिकाणी तो धडा सांगितला मी, तू एकदाही आमेन म्हणाली नाहीस. म्हण ना, बाबा, तुम्ही बरोबर केलंत. दुसऱ्यानं सोसलं की आपण बरे होतो, शास्त्रच सांगतं."

तिनं त्यांना कुशीवर वळवलं. जखमेला चिकटलेलं फडकं रोज ती कोमट पाण्यानं भिजवून अलगद सोडवायची. आज भिजवलं नाही, तसंच ओढलं. बाबा किंचाळले.

"शास्त्रातला तो आपल्या पायांनी क्रुसाकडे चालत गेला, बाबा," ती त्या पाठीशीच बोलावं तशी म्हणाली. "मला तुम्ही दंडाला धरून ओढलं होतंत."

"एवढीशी होतीस. विचारून काय कळलं असतं तुला?"

"नाही म्हणाले असते."

बाबा उशीत तोंड खुपसून रडायला लागले. "अगं, दारात मरण उभं आहे माझ्या. खोटं तरी बोल."

तिनं मलम लावलं. हलक्या हातानं, कडेकडेनं, एकही जागा न सोडता. स्वच्छ फडकं बांधलं. मग समोर येऊन बसली, त्यांना तोंड दिसेल अशी.

"गप्प राहून खोटंच बोलत आलेय मी, बाबा. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. एक दिवससुद्धा नाही."