लक्षवातीची बोटं

"परत ठेवा काकू. जरा दाबून."

मी ठेवला. यंत्रावर लाल दिवा. भाडेकरार नोंदवायला घरी आलेल्या सौरभने काच पुसली, माझा अंगठा पुसला, मग दहाही बोटं एकेक करून लावून पाहिली. लालच.

"बोटांवर रेघाच नाहीत. करता काय तुम्ही?"

लक्षवातीचं व्रत. रोज पूजेनंतर राखेची चिमूट घेऊन कापसाच्या वाती वळायच्या आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवापुढे लावायच्या. चातुर्मासभर वळत होते. बोटं गुळगुळीत झाली, हे त्या काचेनेच मला सांगितलं.

दीक्षा शेजारी उभी होती. मूळची वाशीमची, इथे धायरीतच एका लॅबमध्ये नोकरीला. वरच्या मजल्यावरची माझी खोली तिला द्यायचं ठरलं, म्हणून हॉस्टेल सोडून आलेली. बॅगा आणि गादीची वळकटी माझ्या पॅसेजमध्ये.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन श्रीनिवासराव दारात. बोलावलं कोणी नव्हतं.

"एकटी मुलगी ठेवताय, वहिनी? आडनाव काय म्हणालीस गं?"

"गजभिये."

"हं." मग माझ्याकडे वळून, "कमिटीची परवानगी घ्यायची पद्धत आहे."

"काका, सोसायटीला नुसतं कळवायचं असतं," सौरभ स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला.

"असं होय? पण करार नोंदवावा लागतो, की तोही नुसता कळवायचा? रविवार संध्याकाळपर्यंत दाखवा. नाहीतर सामान गेटबाहेर." जिना उतरताना ते हसले. "देवालाच मंजूर नसावं, वहिनी. एरवी तुमचा अंगठा उमटला नसता?"

बाकीचं मी सोडून दिलं असतं. हे आत रुतलं.

सौरभ यंत्र आवरायला लागला. "कचेरीत जाऊनही करता येईल, पण तारीख मिळेपर्यंत रविवार निघून जाईल. बोटांना विश्रांती द्या, तूप चोळा. कधीकधी उमटतात. रविवारी येतो."

पौर्णिमा सोमवारी. लाखाला अजून बऱ्याच वाती कमी होत्या. घेतलेल्या व्रतात मी कधी खंड पाडलेला नाही, तापातसुद्धा.

"काकू, मी दुसरीकडे बघते," दीक्षा म्हणाली. "माझ्यासाठी तुमचं व्रत नको मोडायला."

"दुसरीकडे बघितलं नव्हतंस?"

"बघितलं ना. सगळीकडे आडनाव सांगेपर्यंत जागा रिकामी होती."

ती हे हसून म्हणाली. मी कापसाची परडी उचलली आणि कपाटावर, हात पोचणार नाही अशी ठेवली.

मग रविवारपर्यंत बसून राहणं. दीक्षा मला भांडं विसळू देईना. पूजा झाली की हात आपसूक परडीकडे जाई आणि मी तो पदरात गुंडाळून घेई. देवाला काय सांगावं ते सुचत नव्हतं, म्हणून काहीच सांगितलं नाही.

रविवारी सौरभ आला तेव्हा श्रीनिवासराव आधीच खुर्चीत बसले होते. वॉचमनला त्यांनी जिन्यात उभं केलं होतं.

उजवा अंगठा. लाल. डावा. लाल. पहिलं बोट, मधलं बोट. श्रीनिवासरावांनी घड्याळ पाहिलं. दीक्षाने खाली वाकून बॅगेचा पट्टा हातात घेतला.

"अहो, किती वेळा तेच?" श्रीनिवासराव म्हणाले. "पोरीला अंधार पडायच्या आत निघू द्या."

मी अनामिका काचेवर टेकवली. यंत्र जरा थांबलं.

हिरवा.

"उमटलं!" सौरभ ओरडलाच. "ताई, आता तुमचा अंगठा, पटकन."

दीक्षाचा अंगठा पहिल्याच फटक्यात उमटला. सौरभने सोबत आणलेल्या साक्षीदारांचेही झाले.

श्रीनिवासराव उठले. "पोलीस पडताळणी राहिलीय अजून."

"अर्ज बुधवारीच भरलाय, काका," सौरभ म्हणाला.

मी कधी चढ्या आवाजात बोलत नाही. तेव्हाही बोलले नाही. "भावजी, परवा तुम्ही देवाचं काढलं होतं. मी देवाला गंध लावते, ते हे बोट. त्याचं मंजूर-नामंजूर आता मला सांगू नका."

ते वॉचमनला म्हणाले, "चल रे."

"त्याला थांबू द्या," मी म्हटलं. "गादी वर न्यायचीय."

लाख काही भरले नाहीत. पौर्णिमेला होत्या तेवढ्या वाती लावल्या.