अप्पांचा पिक्चर

सिद्धलिंग अप्पांची लक्ष्मीपुरीत तेलाची पेढी होती. तापाचं निमित्त होऊन त्यांचे दोन्ही कान गेले, तेव्हा त्यांनी पेढी भावाकडं सोपवली आणि घरी बसले. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात बेळगावच्या पावण्यांनी त्यांना एका जुन्या कन्नड पिक्चरची डीव्हीडी आणून दिली. अप्पांनी तो लग्नाआधी बघितलेला. खाली इंग्रजी अक्षरं उमटायची, पण अप्पांना कन्नड नुसतं बोलता यायचं, वाचता यायचं फक्त मराठी.

"मी मराठी करून देते," त्यांची मुलगी सौंदर्या म्हणाली. ती कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. इंग्रजी वाक्यं उचलायची, मराठी टाइप करायचं, संपलं, असा तिचा हिशोब.

पण डीव्हीडीतली ती अक्षरं अक्षरं नव्हतीच. प्रत्येक वाक्य म्हणजे एक चित्र! चित्राचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर तिनं मिळवलं, तर ते एकेक आकार दाखवून विचारायला लागलं, हे कुठलं अक्षर? छोटा एल आणि मोठा आय दिसायला सारखेच. एकदा तिनं चुकून आय दाबलं आणि सगळ्या पिक्चरभर एलच्या जागी आय जाऊन बसला. तिनं ते एकेक करून निस्तरलं.

मागून अप्पा ओरडायचे, "झालं का गं?" कान गेल्यापासून त्यांचा आवाज पार गल्लीत पोचायचा.

मराठी टाइप करून फाइल लावली, तर पडद्यावर नुसते चौकोन. सौंदर्यानं कीबोर्डच आपटला. फाइल साठवायची पद्धत बदलली, फॉन्ट बदलला, तेव्हा कुठं मराठी दिसलं.

अप्पा कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढून बसले. जरा वेळानं म्हणाले, "थांबीव. ह्ये काय लिवलंयस? 'चालती हो'? त्यो 'बा' म्हणला. ये म्हणून बोलावतोय की तिला!"

सौंदर्याला कन्नड जेमतेम यायचं आणि टाइप करताना तिनं आवाज बंदच ठेवला होता. तिनं आवाज लावून सीन मागं घेतला. खरंच, 'बा'. चूक मूळ इंग्रजीतच होती.

तिनं कागदावर खरडलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"'बा' म्हणताना व्हट मिटलं न्हवं का त्याचं?"

"मग माझ्याकडून हे कशाला करून घेतलं?" ती किंचाळली. लिहायचं तिला सुचलंच नाही, पण अप्पांना तिच्या ओठांवरून समजलं.

"पाठ फिरवून बोलत्यात तवा मी काय बघू?"

ती उठून गॅलरीत गेली. खालच्या रिक्षा बघत उभी राहिली. राग काही उतरेना, पण पुढच्या चुकाही राहू देववेनात. परत येऊन तिनं फाइल उघडली. दिसतील त्या ओठांवरून अप्पा सांगायला लागले आणि ती टाइप करत गेली. अप्पाही चुकायचे. त्यांना आवाज ऐकवून काय उपयोग? ती कानावर पडलेला शब्द कागदावर लिहायची, ते "न्हाय, न्हाय" म्हणून अडून बसायचे. दोन रविवार असेच भांडणात गेले.

तिसऱ्या रविवारी अप्पांनी पिक्चर सलग शेवटपर्यंत बघितला. सौंदर्या त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"लई रटाळ हाय गं," अप्पा म्हणाले. "तवा कसा काय आवडलावता कुणास ठाऊक."

सौंदर्यानं कपाळावर हात मारला आणि कॉम्प्युटर बंद केला.